परतीच्या वाटेचं काय?

गेल्या अंकात पॅकेट रेडिओबद्दल, म्हणजे माहितीची छोटी पॅकेटं करून ती रेडिओवरून पाठवण्याबद्दल, थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं हौशी रेडिओचं जाळं इंटरनेटला जोडू पाहणाऱ्यांची आहेत. शब्द वेगळे असले तरी बऱ्याच जणांची तक्रार एकच आहे : आमचं पॅकेट जातं, पण उत्तर येत नाही. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना जागा देते. उदाहरणांत कुणाचेही खरे पत्ते घातलेले नाहीत. ४४ नंतरच्या दोन आकड्यांच्या जागी क आणि ख लिहिलं आहे, तिथे आपापले आकडे घालून वाचावं.

प्रश्न : ताई, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला नुकताच परवाना मिळाला. घरच्या राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते न मागता मिळतात. मग हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, ४४ ने सुरू होणारे पत्ते अर्ज करून का घेतात?

उत्तर : परवान्याबद्दल मनापासून अभिनंदन. १९२.१६८ चे पत्ते न मागता मिळतात, कारण ते कुणाच्याच मालकीचे नाहीत. तोच पत्ता जगातल्या असंख्य घरांत एकाच वेळी वापरात आहे. घराच्या आत त्याला अर्थ आहे, उंबरठ्याबाहेर नाही. बाहेर जाताना राउटर तो पत्ता खोडून स्वतःचा लावतो आणि उत्तर आलं की पुन्हा अदलाबदल करतो. तू बाहेर कुणाला हाक मारलीस तर हे जमतं, पण बाहेरच्याने आपणहून तुला हाक मारायची ठरवली तर त्याच्याजवळ तुझा पत्ताच नसतो. आता दोन हॅमनी आपापली जाळी रेडिओने जोडली आणि दोघांकडेही १९२.१६८.१ निघालं, तर कुठलं पॅकेट कुणाचं हे राउटरला कळायला मार्ग नाही.

४४ चा गट १९८१ साली हँक मॅग्नुस्की, कॉल साइन (परवान्याबरोबर मिळणारं सांकेतिक नाव) केए६एम, यांनी हौशी रेडिओसाठी मिळवला. ४४.०.०.० पासून ४४.२५५.२५५.२५५ पर्यंत, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट टीसीपी/आयपीवर, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या भाषेवर, गेलं ते १ जानेवारी १९८३ ला, आणि त्याच्याही आधी या छंदाच्या नावावर एवढी जागा लागलेली होती. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं. पुढे फिल कार्न, केए९क्यू, यांनी साध्या पीसीवर चालणारं टीसीपी/आयपीचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि या पत्त्यांवर खरी वस्ती झाली. त्या सॉफ्टवेअरला त्यांच्या कॉल साइनवरूनच ओळखतात. तू नेटवर्किंग शिकतोस म्हणून आणखी एक सांगते. टीसीपीत पॅकेट पुन्हा पाठवावं लागलं असेल, तर त्याच्या पोचपावतीवरून जाण्यायेण्याचा वेळ मोजायचा नाही, कारण ती पावती पहिल्या पॅकेटची की दुसऱ्याची हे ठरवता येत नाही. कार्न यांनी क्रेग पार्ट्रिज यांच्याबरोबर १९८७ साली मांडलेला हा नियम आज प्रत्येक फोनमध्ये आहे. अभ्यासक्रमात कार्न अल्गोरिदम असं नाव येईल तेव्हा हे कार्न हॅम आहेत हे लक्षात ठेव.

प्रश्न : आमचा गेटवे, म्हणजे रेडिओचं जाळं इंटरनेटला जोडणारं यंत्र, बरीच वर्षं नीट चालू आहे. पण त्याच यंत्रावरून काही वेबसाइट उघडत नाहीत, आणि शेजारच्या लॅपटॉपवर त्याच उघडतात. डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलून पाहिला, उपयोग झाला नाही.

उत्तर : राउटिंग टेबलात, म्हणजे कुठल्या पत्त्याचं पॅकेट कुठे पाठवायचं त्या यादीत, ४४.०.०.०/८ अशी ओळ आहे का पाहा (तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा तितका गट लहान; /८ म्हणजे ४४ चा सगळा गट). असेल तर ती २०१९ च्या आधीची आहे. त्या वर्षी हे पत्ते सांभाळणाऱ्या एआरडीसी या संस्थेने वरचा पाव भाग, ४४.१९२.०.०/१०, ॲमेझॉनला विकला. आलेले पैसे निधीत ठेवून त्यातून हौशी रेडिओ आणि शिक्षणाच्या कामांना अनुदानं दिली जातात. त्या विक्रीवर हॅम मंडळींत बराच वाद झाला आणि दोन्ही बाजू मला कळतात. राउटरला मात्र वादाशी देणंघेणं नाही. तुमचा गेटवे ॲमेझॉनच्या सर्व्हरकडे जाणारी पॅकेटंसुद्धा हॅमच्या टनेलमध्ये, म्हणजे पॅकेट दुसऱ्या पाकिटात घालून इंटरनेटवरून नेणाऱ्या वाटेत, ढकलतो आहे. ती ओळ काढा आणि दोन ओळी घाला : ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१०. फायरवॉलमध्ये ‘४४ म्हणजे आपला माणूस’ असा नियम असेल तर तोही आजच बदला, कारण ४४.१९२ च्या पुढून येणारा कुणीही असू शकतो.

प्रश्न : ताई, तीन आठवडे झाले, डोकं चालेनासं झालं आहे. क्लबला /२८, म्हणजे १६ पत्त्यांचा गट, मिळाला. लिनक्सच्या यंत्रावर आयपीआयपी (आयपीच्या पाकिटात आयपीचं पॅकेट) टनेल बांधला. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या मुख्य हॅम गेटवेकडून येणारं पॅकेट आमच्या यंत्रावर दिसतं, रेडिओवरून पलीकडच्या संगणकापर्यंत पोचतं, तो संगणक उत्तरही देतो. पण इंटरनेटवरून पिंग करणाऱ्याला, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारणारं छोटं पॅकेट पाठवणाऱ्याला, काहीच मिळत नाही. दुसऱ्या एका हॅम गेटवेवरून पिंग केलं तर मात्र उत्तर जातं!

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. दुसऱ्या हॅम गेटवेची नेमकी वाट तुमच्या टेबलात आहे, म्हणून त्याचं उत्तर टनेलमधून परत जातं. इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाची वाट टेबलात नाही. त्याच्यासाठी यंत्र डिफॉल्ट, म्हणजे दुसरी कुठली लागू नसेल तेव्हाची, वाट धरतं, आणि ती तुमच्या घरच्या इंटरनेटची आहे.

पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे ४४.क.ख.५ आणि ते चाललं आहे घरच्या जोडणीतून. ती जोडणी देणाऱ्या कंपनीचा राउटर पाहतो की हा पत्ता आम्ही या ग्राहकाला दिलेलाच नाही. खोट्या पत्त्याने हल्ले होऊ नयेत म्हणून अशी पॅकेटं दारातच टाकून द्यावीत, अशी शिफारस मे २००० मध्ये बीसीपी ३८ या दस्तऐवजात झाली आणि ती योग्यच आहे. पॅकेट टाकलं जातं, आणि तसं तुम्हाला कुणी कळवत नाही. आपण टनेल लावताना सगळं लक्ष पॅकेट येतं कसं यावर देतो आणि ते परत कुठून जाईल हे पाहायचं राहून जातं.

उपाय असा. वाट ठरवताना यंत्र एरवी फक्त ‘कुणाकडे’ एवढंच पाहतं. त्याला ‘कुणाकडून’ हेही पाहायला शिकवायचं. लिनक्समध्ये राउटिंगचं दुसरं टेबल करता येतं. बरेच जण त्याला ४४ हाच क्रमांक देतात. मग एक नियम लिहायचा : पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या /२८ मधला असेल तर टेबल ४४ पाहा. त्या टेबलात इतर हॅम गेटवेंच्या नेमक्या वाटा ठेवायच्या, आणि डिफॉल्ट वाट टनेलमधून सॅन डिएगोकडे. मुख्य टेबलाला हात लावायचा नाही. घरच्यांचं इंटरनेट जसं चालतं तसं चालू राहील. त्याला धक्का लागला तर प्रयोग तिथेच थांबतो, हे अनुभवाने सांगते.

रेडिओकडची स्थानिक वाट मात्र टेबल ४४ मध्येही घाला. नाहीतर तुमच्याच दोन रेडिओ संगणकांचं आपसातलं बोलणं सॅन डिएगोला जाऊन येण्याचा प्रयत्न करेल.

एवढ्यानेही अडलं तर तीन जागा तपासा. पहिली, उलट्या वाटेची तपासणी, लिनक्समध्ये जिला आरपी फिल्टर म्हणतात. तो कडक, म्हणजे १ वर असेल, तर आलेल्या पॅकेटची परतीची वाट वेगळ्या दारातून निघते असं दिसताच यंत्र ते गुपचूप टाकून देतं. टनेलच्या दारासाठी तो २ वर, म्हणजे सैल, ठेवून पाहा. दुसरी जागा घरचा राउटर. आयपीआयपी हा टीसीपीही नाही आणि यूडीपीही नाही. तो आयपीचा प्रोटोकॉल क्रमांक ४ आहे आणि त्याला पोर्टच नसतो. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर कितीही आकडे भरले तरी त्याचं काम होत नाही. काही राउटरांत डीएमझेड म्हणून एक यंत्र नेमता येतं, तिथे गेटवेचा पत्ता द्यावा लागतो. तुमची पॅकेटं आत येताहेत, म्हणजे ही पायरी बहुधा पार झालेली आहे. तिसरी जागा आकारमानाची. टनेल प्रत्येक पॅकेटला २० बाइटचं जादा पाकीट घालतो, म्हणून १५०० च्या जागी १४८० च मावतात. पिंग लहान असतं म्हणून जातं, पान उघडायला गेलं की लटकतं, असं झालं तर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल मर्यादा) १४४० वर आणा.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी बाहेरचं दार, टनेल आणि रेडिओ अशा तिन्ही जागी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावून बसा आणि एकच पिंग पाठवा. जिथे ते शेवटचं दिसलं, त्याच्या पुढच्याच पायरीवर बिघाड आहे. तीन आठवडे सेटिंग बदलण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त शिकवतात.

प्रश्न : मी रेडिओवरून एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकावर सांकेतिक जोडणीने काम करायची सोय, वापरू शकतो का?

उत्तर : नाही. वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांनी अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक प्रक्षेपण करू नये, असं आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांच्या कलम २५ मध्ये आहे, आणि देशांतर्गत परवान्यांतही साधारण तीच अट सापडते. आपल्या परवान्याच्या अटी स्वतः वाचा. ओळख पटवण्यासाठी संदेशावर डिजिटल सही करणं वेगळं, कारण तिथे मजकूर उघडाच राहतो. इंटरनेटच्या तारेवरचा टनेल सांकेतिक असला तरी हरकत नाही, कारण ती तार हौशी बँड नाही. अडचण आहे ती अँटेनापासून पुढे.

प्रश्न : आमच्या क्लबला /२४ मिळाला, म्हणजे २५६ पत्ते. तीन टेकड्यांवर तीन ठाणी आहेत. पहिल्यावर इंटरनेटचा गेटवे. दुसऱ्या ठाण्याला पहिलं दिसतं. तिसऱ्याला फक्त दुसरं दिसतं. सभासदांचं म्हणणं, जो आधी मागेल त्याला पुढचा आकडा द्यावा, तेच न्यायाचं. तुम्ही काय कराल?

उत्तर : आकडे रांगेने वाटू नका, एवढं आधीच सांगते. सभासदांना ते न्यायाचं वाटतं, पण ठाण्यांवरच्या राउटरांचे त्यात हाल होतात. ४४.क.ख.७ तिसऱ्या टेकडीवर, .८ पहिल्यावर, .९ पुन्हा तिसऱ्यावर असं झालं, तर प्रत्येक ठाण्याला प्रत्येक माणसाची वेगळी ओळ ठेवावी लागेल. चाळीस सभासद म्हणजे चाळीस ओळी, तीन ठिकाणी. एकाने अँटेना दुसऱ्या टेकडीकडे वळवली की तिन्ही ठिकाणी दुरुस्ती. वर्षभराने कुणाची कुठली ओळ हे कुणालाच आठवणार नाही.

पत्ते वाटण्याआधी कागदावर जाळ्याचं चित्र काढा. तुमचं चित्र सरळ आहे : इंटरनेट, पहिलं ठाणं, दुसरं ठाणं, तिसरं ठाणं, एका ओळीत. पहिल्या ठाण्याच्या दृष्टीने दुसरं आणि तिसरं एकाच दिशेला आहेत. मग त्या दोघांना पत्त्यांच्या एकाच अर्ध्यात बसवा. खालचा अर्धा भाग, ० ते १२७, पहिल्या ठाण्याचा. त्यातले ० ते ६३ तिथल्या सभासदांना, ६४ ते १२७ सर्व्हर आणि ठाण्यांमधल्या दुव्यांसाठी. वरचा अर्धा दोन तुकड्यांत : १२८ ते १९१ दुसऱ्याला, १९२ ते २५५ तिसऱ्याला. आता पहिल्या ठाण्याला वरच्या अर्ध्यासाठी एकच ओळ पुरते : ४४.क.ख.१२८/२५, दुसऱ्या ठाण्याकडे. दुसऱ्याला दोन ओळी : १९२/२६ तिसऱ्याकडे, बाकी सगळं पहिल्याकडे. तिसऱ्याला एकच : सगळं दुसऱ्याकडे. सभासद चाळीस असोत की शंभर, या ओळी बदलत नाहीत.

आज तिसऱ्या टेकडीवर पाचच जण असतील, तर १९२ ते २०७ एवढा /२८ च चालू करा आणि पुढची जागा रिकामी राहू द्या. माणसं वाढली की /२७ करा, मग /२६. सुरुवातीचा आकडा तोच राहतो, कुणाचा पत्ता बदलत नाही. रिकाम्या जागेवर सभेत कुणी हरकत घेईल. पत्ते बदलायला लावणं किती त्रासाचं असतं हे त्या सदस्याला समजावून सांगा. दोन ठाण्यांमधल्या दुव्याला चार पत्ते खर्च करायचीही गरज नाही. /३१ मध्ये दोन पत्त्यांत तो भागतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण हीच मांडणी अर्धवट केली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. आमच्या गटाची तेव्हा दोनच ठाणी होती आणि त्यांच्यात १२०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला १२०० बिटचा, दुवा. मी पत्त्यांची मांडणी अशीच केली, समाधानाने घरी आले. काही दिवसांनी रात्री उशिरा एका हॅम मित्राचा फोन आला. ‘दोन तास तुमचं ठाणं बोलतंय, थांबतच नाही. काही जळेल तिथं.’ मला वाटलं पीटीटी, म्हणजे प्रक्षेपण चालू करणारं बटण, चिकटला. पहाटे वर गेले तेव्हा रेडिओच्या मागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना हात लाववत नव्हता. पीटीटी ठीक होता. मी पॅकेटं वाचायला बसले. एकच पॅकेट पुन्हा पुन्हा जात होतं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. बदलत होता फक्त टीटीएल, म्हणजे पॅकेटचे उरलेले टप्पे मोजणारा आकडा : ४९, ४८, ४७, ४६.

झालं होतं असं. इंटरनेटवर उघडी दारं शोधत फिरणारी यंत्रं रात्रंदिवस प्रत्येक पत्त्यावर थाप मारत असतात. तशी एक थाप आमच्या .२३० वर आली. .२३० कुणालाच दिलेला नव्हता. पहिल्या ठाण्याने टेबल पाहिलं : वरचा अर्धा म्हणजे दुसऱ्याकडे. पाठवलं. दुसऱ्याने पाहिलं : .२३० माझ्या चालू तुकड्यात नाही, म्हणजे ‘बाकी सगळं’, म्हणजे पहिल्याकडे. परत पाठवलं. पहिल्याने पुन्हा दुसऱ्याकडे. टीटीएल शून्य होईपर्यंत हेच चालू. हिशेब करून पाहा. ४० बाइटचं पॅकेट, त्याला एएक्स.२५ या पॅकेट रेडिओच्या पद्धतीचं साधारण २० बाइटचं वेष्टन, ६० बाइट म्हणजे ४८० बिट. १२०० च्या वेगाने ०.४ सेकंद. प्रत्येक वेळी प्रक्षेपक स्थिर व्हायला ०.३ सेकंद. एका फेरीला ०.७ सेकंद, पन्नास फेऱ्यांना ३५ सेकंद. कुणीतरी अनोळखी यंत्राने पाठवलेल्या चाळीस बाइटनी आमची फ्रिक्वेन्सी अर्ध्या मिनिटाहून जास्त अडवली होती, आणि मागे अशा थापांची रांग लागलेली होती. त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या कुणाला खरंच मदत हवी असती तर, हा विचार मला नंतर किती तरी दिवस सोडत नव्हता.

उपाय एका ओळीचा होता. दुसऱ्या ठाण्यावर संपूर्ण १२८/२५ साठी ‘इथून पुढे वाट नाही’ अशी ओळ घालायची, लिनक्समध्ये तिला अनरीचेबल किंवा ब्लॅकहोल म्हणतात. राउटर नेहमी सर्वांत नेमकी ओळ निवडतो. त्यामुळे चालू तुकड्यांची पॅकेटं आपापल्या जागी जातात, आणि उरलेली त्या ओळीशी येऊन संपतात. तुमच्याकडे हीच ओळ तिसऱ्या ठाण्यावर १९२/२६ साठी हवी, आणि पहिल्या ठाण्यावर संपूर्ण /२४ साठी हवी. पहिल्यावर नसेल, तर खालच्या अर्ध्यातल्या रिकाम्या पत्त्यांची पॅकेटं टनेलमधून सॅन डिएगोला परत जातील आणि तिथून पुन्हा तुमच्याकडे येतील. जो राउटर एखाद्या गटाची जबाबदारी घेतो, त्याने त्यातल्या रिकाम्या जागेचीही घ्यायची.

शिवाय गेटवेवर फायरवॉल लावा, आणि जे पत्ते दिलेले आहेत त्यांच्यासाठीच दार उघडा. या थापा किती असतात याची कल्पना यावी म्हणून सांगते : सॅन डिएगोच्या विद्यापीठातले संशोधक ४४ मधल्या न वाटलेल्या जागेवर येणारी पॅकेटं वर्षानुवर्षं नोंदवत आले आहेत, आणि इंटरनेटवर पसरणारे किडे, हल्ले त्यांना त्यातून दिसले. रिकाम्या जागेवर एवढं येतं की त्याचं शास्त्र होतं. तेवढं सगळं १२०० बॉडवर सोडायचं नसतं.

प्रश्न : आम्ही एआरईडीएन या हॅम प्रकल्पाची मेश, म्हणजे प्रत्येक यंत्र दुसऱ्याची पॅकेटं पुढे नेतं असं जाळं, वापरतो. तिथे पत्ता आपोआप मिळतो, कुणाकडे अर्ज नाही, वाटणीच्या सभा नाहीत. मग ४४ चा खटाटोप कशाला?

उत्तर : तुमची मेश मला आवडते, हे आधी सांगते. आणीबाणीत खोक्यातून काढून खांबावर चढवायचं आणि चालू करायचं, हे त्या पद्धतीलाच जमतं. त्यात नोडच्या (जाळ्यातल्या यंत्राच्या) मॅक पत्त्याचे, म्हणजे कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकाचे, शेवटचे तीन बाइट घेऊन पुढे १० लावतात, म्हणून पत्ते जुळण्याचा धोका नगण्य आणि वाटणाऱ्याची गरज नाही. पण त्या पत्त्यावरून नोड कुठे आहे हे काहीच कळत नाही. शेजारच्या दोन नोडचे पत्ते एकमेकांपासून कितीही दूर असू शकतात. त्यामुळे वरच्या पत्रात अर्ध्या गटासाठी एक ओळ पुरली तशी इथे पुरत नाही. प्रत्येक नोडला प्रत्येक नोडची वाट लक्षात ठेवावी लागते आणि त्या बातम्या सतत फिरत्या ठेवाव्या लागतात. वेगवान मायक्रोवेव्ह दुव्यांवर ते परवडतं, संथ नॅरोबँडवर नाही. आणि १० चे पत्ते खाजगी, म्हणून बाहेरून थेट येता येत नाही. गावभर मेश आणि तिच्या एका टोकाला ४४ चा गेटवे, अशी जोडी मी चांगली चाललेली पाहिली आहे.

प्रश्न : इतर हॅम गेटवेंच्या यादीतल्या वाटा मी हाताने भरल्या तर चालतील? नाहीतर सरळ बीजीपीच करावं का, म्हणजे आपला गट थेट इंटरनेटवर जाहीर करावा का?

उत्तर : हाताने भरू नका. बरेच गेटवे घरच्या जोडणीवर चालतात आणि घरचा सार्वजनिक पत्ता बदलत राहतो. तुमची यादी महिन्याभरात शिळी होईल. सॅन डिएगोचा गेटवे दर पाच मिनिटांनी सगळी यादी टनेलमधून पाठवतो : अमुक गट, तमुक सार्वजनिक पत्त्यामागे. ती आरआयपी २ (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायची एक पद्धत) च्या साच्यात असते, म्हणून लोक तिला आरआयपी४४ म्हणतात. पण पुस्तकातल्या आरआयपीसारखं इथे शेजारी शेजाऱ्याला सांगत नाही, टप्पे मोजले जात नाहीत. यादी एका जागी तयार होते, तुम्ही फक्त ऐकायचं. एएमपीआर-आरआयपीडी हा छोटा प्रोग्राम ऐकून टेबल भरतो. यामुळे दोन हॅम गेटवे थेट एकमेकांशी बोलतात, प्रत्येक पॅकेटला कॅलिफोर्नियाची फेरी पडत नाही.

बीजीपीसाठी किमान /२४ लागतो, कारण जगातले राउटर त्याहून लहान तुकड्याची घोषणा सहसा स्वीकारत नाहीत. एआरडीसीची लेखी परवानगी हवी, आणि तुमच्या वतीने घोषणा करायला तयार असलेली कंपनी हवी. हे जमलं तर टनेलची बरीच डोकेदुखी जाते. एका घरच्या गेटवेसाठी मात्र मी सुचवणार नाही.

प्रश्न : माझ्या घरच्या राउटरवर बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसतो. टनेल काही केल्या लागत नाही. मला हा छंद सोडायचा नाही, पण दुसरी जोडणी इथे मिळत नाही.

उत्तर : सोडायचं कारणच नाही. १००.६४ ते १००.१२७ ही जागा २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखलेली आहे. म्हणजे तुमच्या राउटरच्याही पुढे कंपनीचा आणखी एक पत्ता बदलणारा राउटर आहे. बाहेरून तुमच्यापर्यंत थेट कुणी पोचू शकत नाही, आणि आयपीआयपीला दोन्ही टोकांना खरा पत्ता लागतो. तेव्हा आयपीआयपी विसरा आणि वायरगार्ड हे टनेलचं सॉफ्टवेअर घ्या. ते यूडीपीवर चालतं आणि हाक आतून बाहेर जाते, त्यामुळे मधले राउटर त्याला वाट देतात. दर २५ सेकंदांनी एक लहान पॅकेट जात राहील अशी सोय त्यात आहे. ती चालू ठेवा, नाहीतर मधला राउटर तुम्हाला विसरतो. दुसरं टोक म्हणून सार्वजनिक पत्ता असलेला एखादा क्लबचा गेटवे चालेल. एआरडीसीनेही ४४नेट कनेक्ट नावाची सेवा याच पद्धतीवर काढली आहे.

तुमच्या बाजूला ‘परवानगी असलेले पत्ते’ या जागी ०.०.०.०/० लिहा, पण त्यावरून मुख्य टेबलात वाटा आपोआप घालू देऊ नका, नाहीतर घरातलं सगळं इंटरनेट टनेलमध्ये शिरेल. वर सांगितलेला टेबल ४४ चा नियम इथेही तसाच लागतो. पलीकडच्या टोकाला तुमच्या नावापुढे फक्त टनेलचा एक पत्ता लिहिलेला असेल, तर त्यात तुमचा रेडिओचा पूर्ण गट घालायला सांगा. वायरगार्ड यादीत नसलेल्या पत्त्याकडून आलेलं पॅकेट न बोलता टाकतं. गेटवेवरून पिंग होईल, रेडिओवरच्या संगणकावरून होणार नाही, आणि दोष रेडिओचा वाटेल.

हे करूनही अडलं तर दोन्ही टोकांना एकाच वेळी पाच मिनिटं टीसीपीडम्प चालवून दोन्ही नोंदी मला पाठवा. एकाच टोकाची पाठवलीत तर मला पुन्हा दुसरी मागावी लागेल आणि तुमचा आणखी एक महिना जाईल.